पान एकशे साठच्या पुढे

मामाने स्वतःच्या कादंबरीच्या सातव्या भागाची वही रद्दीत टाकलेली दिसली आणि भाचीच्या अंगाचा तिळपापड झाला. वहीवर एक निनावी पत्र होतं.

‘सहावा भाग वाचला. कॅप्टन बर्फात गाडला जातो आणि पुढच्याच पानावर यानात बसून हुकूम सोडतो! तुम्हाला विसरायला होतंय. आता थांबा.’

“बाहेर येतो की तो, बर्फ फोडून! मी वाचलंय,” ती मामाला म्हणाली.

“तू? कुठे?”

“बाइंडिंगमध्ये. काम करता करता.”

“उगाच समजूत काढू नकोस. मीच लिहायचं विसरलो असेन,” मामा पुटपुटला. “हल्ली चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही.”

तिने पत्र उलटं केलं. मागे छापलं होतं: काच, पट्टा, सेल.

घड्याळजींच्या दुकानात ती तरातरा शिरली.

“हे पत्र तुमचं?”

“कशावरून?”

“पावती तुमची. सही करायला लाज वाटली?”

म्हातारा ओशाळला. “पहिल्या भागापासून वाचतोय गं. वाईट वाटलं म्हणून लिहिलं.”

“वाचता की नुसती पानं उलटता? दाखवा चूक!”

त्याने पुस्तक पुढे सरकवलं. पान एकशे साठ. कॅप्टन गाडला गेला. पुढचं पान एकशे सत्त्याहत्तर.

तिने दोन्ही आकडे पुन्हा वाचले.

“अरेच्चा, मधली पानंच नाहीत!” घड्याळजी म्हणाले. “बाइंडिंगला कोण गाढव बसतं?”

ती पुस्तक मिटून निघाली.

घरी येऊन तिने गादीखालून कागदाची एक घडी काढली आणि मामापुढे ठेवली.

“ही तर सहाव्या भागाची पानं! कुणी काढली?”

“मीच.” तिला मान वर करवेना. “सोळा-सोळा पानांच्या घड्या मी क्रमाने रचते. कॅप्टन गाडला गेला आणि मला राहवेना. पुढची घडी घेऊन संडासात जाऊन बसले. वाचून परत येते तर पुस्तक शिवायला गेलेलं. शाळा सुटली, आता कामही सुटेल म्हणून गप्प बसले. वाटलं, एका पुस्तकाने काय होतंय.”

मामाने घडीवरून हात फिरवला.

“तीन आठवडे मी स्वतःचं पुस्तक उघडलं नाही. भीती वाटायची. डोक्याच्या डॉक्टरची वेळपण घेतली होती.”

त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

मामाने रद्दीतली वही काढून टेबलावर ठेवली आणि चपला घातल्या.

“चल, घड्याळजींकडे. कॅप्टन कसा सुटला ते तू वाचून दाखवायचं.”

“मी?”

“तूच. आणि आधी सांगायचं, त्याला अडकवला कुणी.”