कड्यावरची हजेरी

दिवा बारीक केलात, बरं झालं. आता ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या साडूवर गुदरलेली आहे.

साडू नौदलातला. उभी जवानी जहाजांवर गेली. निवृत्त झाल्यावर नाविक तळाला लागून असलेल्या गोल्फच्या मैदानावर देखरेखीला लागला. आम्ही त्याची थट्टा करायचो, की जन्मभर खारं पाणी उपसलंस आणि म्हातारपणी गवताला गोडं पाजतोयस. तो नुसता हसायचा. भित्रा म्हणाल, तर मुळीच नव्हे.

मागच्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. अमावास्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकाऱ्यांचा सामना होता. जेवून हात धुताना साडूला आठवलं, कड्यावरच्या शेवटच्या होलजवळ पाण्याचे फवारे चालूच राहिलेत. बायको म्हणाली, पहाटे जा की. तो म्हणाला, पहाटेपर्यंत नुसता चिखल होईल आणि साहेब लोक बूट माझ्या डोक्याला पुसतील. बॅटरी घेतली आणि निघाला.

ते गवत म्हणजे मखमल. चालताना स्वतःचं पाऊलही वाजत नाही. कड्यावर पोचून त्याने पाणी बंद केलं. फवारे थांबले. खाली, पार खाली, समुद्र.

आणि शिट्टी वाजली.

तुमच्याआमच्या शिट्टीसारखी नव्हे. जहाजावर माणसं गोळा करायला फुंकतात ना, ती. बारीक, वर चढत जाणारी. साडूच्या टाचा आपसूक जुळल्या. हातातली बॅटरी विझली. का, कोण जाणे.

मग अंधारात कुणीतरी नावं घ्यायला लागलं. शांतपणे, रोजचं काम असल्यासारखं. एक नाव... "हजर." दुसरं नाव... "हजर." हिरवळीवरूनच. हाताच्या अंतरावरून. ओल्या दोरखंडाचा वास सुटला होता.

नावं ओळखीची होती.

फार वर्षांपूर्वी त्याच कड्याखाली सरावाची एक होडी उलटली होती. आतलं कुणीही परत आलं नाही. खरं तर साडूही जायचा होता तिच्यात. ऐनवेळी ताप भरला. बराकीतल्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा म्हणाला, तू झोप, मी जातो. मिसरूडही धड फुटलं नव्हतं त्याला.

हजेरी पुढे सरकत होती. साडूला क्रम पाठ होता. आपलं नाव आता येणार, हे त्याला कळलं. पळायचं होतं... पाय सुटेनात.

नाव आलं. त्याचंच.

रात्रीच्या हाकेला ओ देऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण जन्माची सवय... घशात शब्द तयार होता. त्याने दात आवळले.

पुन्हा नाव.

कुणी हललं नाही. सगळे थांबले होते. त्याच्यासाठी.

पुन्हा...

त्याचे ओठ उघडले.

"हजर."

तो बोलला नव्हता. आवाज त्याच्या मागून आला होता. कोवळा. मग कानाशी, अगदी हळू...

"तू झोप."

गार वारा त्याच्या दोन्ही अंगांनी कड्याकडे गेला. पुढे नुसता समुद्र.

घरी कसा आलो, ते त्याला आजही सांगता येत नाही. बायकोला एवढंच म्हणाला, की पाणी बंद केलं. आणि रात्रभर अंथरुणावर बसून राहिला.

सकाळी सामना झाला. शेवटच्या होलपाशी एका अधिकाऱ्याने चेंडू अलगद ढकलला. बरोब्बर आत पडला. टाळ्या वाजल्या. तो वाकून काढायला गेला, तर चेंडू पाण्याच्या तळाशी होता. भोक काठोकाठ भरलेलं, आणि भोवतालचं गवत कोरडं. सगळे फवाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायला लागले. साडू पुढे झाला, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट.

तो कडा किती उंच आहे, ते एकदा दिवसाउजेडी जाऊन बघून या.