बटणाआधीचा दिवा

इंदिरानगरात आमची कंपनी म्हणजे एका बंगल्याचा वरचा मजला. खाली घरमालकांकडे कॉफी दळली जायची आणि तिचा वास वर आमच्या टेबलांपर्यंत यायचा. १९९६ साल होतं. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, आणि यंत्रांच्या पोटात बसणाऱ्या छोट्या संगणकासाठीची एक परदेशी ऑपरेटिंग सिस्टीम माझ्या हाती सोपवली होती. तिच्यासोबत नमुन्याचे प्रोग्रॅम आले होते. ते आमच्या बोर्डावर बसवायचे, कुठल्या कामाला पहिला मान, घड्याळाचा ठोका किती बारीक, हे सगळं ठरवून द्यायचं, एवढंच माझं काम. बाकीच्यांना ते रटाळ वाटे. मला मात्र सकाळी कधी एकदा ऑफिस गाठते असं व्हायचं!

त्यातला सगळ्यात साधा नमुना असा: बटण दाबलं की दिवा लागतो. मध्ये किती वेळ गेला ते ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघायचं. वरची रेघ बटणाची, खालची दिव्याची, आणि खालची जरा मागून उठते. हे अंतर मला होता होईल तेवढं कमी करायचं होतं. कारण हाच नमुना राजाजीनगरच्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवर बसणार होता. आत हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबली पाहिजे. आणि त्या प्रेसवर कामाला होता माझा सख्खा मोठा भाऊ, अभिराज.

"तुझ्या त्या बोर्डाच्या भरवशावर हात घालणार हं मी, हर्षी," जेवताना तो चिडवायचा.

"घाल की अण्णा," मी म्हणायचे.

मी आकडे बदलत गेले. अंतर घटत गेलं. एके दुपारी दोन्ही रेघा एकदमच उठल्या आणि मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. उत्साहाच्या भरात आणखी एक बदल केला. आता खालची रेघ वरचीच्या आधी उठली.

आमचे कानडी साहेब पद्मनाभ सर चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. "एनम्मा, काय ग हे, वायरी उलट्या लावल्यास." मी त्या अदलून बदलून लावल्या. त्यांनी दुसरा ऑसिलोस्कोप आणून जोडला. तरीही दिवा आधी, बटण नंतर.

घाबरायला हवं होतं. मी हरखून गेले.

दुसऱ्या दिवशी ते नुसत्या डोळ्यांना दिसू लागलं. दिवा लागायचा, मग माझं बोट बटणावर टेकायचं आणि दिवा विझायचा. म्हटलं, याची खोड मोडतेच. दिवा लागला तशी मी दोन्ही हात मांडीवर दाबून बसले. दिवा जळत राहिला. सर कॉफी घेऊन आले. पडद्याकडे बघता बघता त्यांनी पेला टेकवला, तो नेमका बटणावर. दिवा विझला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि हसत सुटलो.

"सर, प्रेस हात जायच्या आधीच थांबेल!"

"कारण कळल्याशिवाय बोर्ड बाहेर नेणार नाही मी."

"कारण मागाहून शोधू. आधी माणसांचे हात वाचू देत."

त्यांनी बोर्डाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "सरी, नेऊ या."

कारखान्यात बटणाच्या जागी प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा किरण बसवला. हाताने तो तुटला की दिवा लागणार, प्रेस थांबणार. सकाळभर नुसती धमाल चालली होती. अण्णा मुद्दाम हात पुढे करायचा, आणि हात पोचायच्या आतच प्रेस गप्प. कामगार शिट्ट्या मारत होते. "ही आमची तंगी, माझी धाकटी बहीण!" अण्णा दिसेल त्याला सांगत होता. मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी दिवा लागला. प्रेस थांबली.

अण्णा लांब खांबाला टेकून पाणी पीत होता. प्रेसजवळ कुणीच नव्हतं.

मला कॉफीचा पेला आठवला. "कुणी जवळ जाऊ नका!" मी ओरडले आणि प्रेसचा मेन स्विच स्वतः खाली ओढला. बोर्डाची वायर वेगळी होती. दिवा जळतच होता.

"बघू तर कोण जिंकतं," अण्णा हसत म्हणाला.

मी धावत जाऊन त्याचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

प्रेसचे फिरते पट्टे थांबले. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

दिवा विझला.

कुणीही हललं नव्हतं. सर वाकून प्रेसमध्ये बघू लागले. खालच्या साच्यावरच्या ताज्या तेलात एक ठसा उमटला होता. तळहात, अंगठा, तर्जनी, करंगळी; मधल्या दोन बोटांच्या जागी तेल तसंच सपाट.

"स्वल्प गार लागलं ग," अण्णा पुटपुटला.

माझ्या मुठीत त्याचा हात बुळबुळीत लागत होता. मी मूठ उघडली. त्याचा तळवा तेलाने काळा झाला होता. अंगठा, तर्जनी, करंगळीही.

मधली दोन बोटं कोरडी होती.