सिनेगॉगमधली शिळा

"माझ्या भावाचं नाव चोरीला गेलंय," सेलिन द हास म्हणाली आणि ओला कोट न काढताच खुर्चीत बसली.

खाजगी गुप्तहेर हिल्के टेर्पस्ट्राने तिच्यापुढे कॉफी सरकवली. हिल्केचा जोडीदार, निवृत्त पोलीस बेरेंड, गोंधळला. "नाव? ते कसं चोरणार?"

"दगडासकट."

नेदरलँड्समधल्या आयसेल नदीकाठच्या या गावात कालव्यापलीकडच्या बंद गल्लीत ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग होतं. दुसऱ्या महायुद्धात गावातल्या ज्यूंना आगगाडीत कोंडून छळछावण्यांत नेलं. परतले ते अगदी थोडे. रिकामी वास्तू गालिच्यांचं गोदाम झाली. आता लाम्बर्ट ड्रोस्ट तिथे रेस्तराँ काढत होता. न परतलेल्यांच्या नावांची शिळा भिंतीवरच राहील, या अटीवर त्याला परवाना मिळाला होता. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं, आणि शिळा नाहीशी झाली होती.

"पोलिसांनी तक्रार लिहून घेतली न् गेले," सेलिन म्हणाली. "मौरिट्स सहा वर्षांचा होता. त्याचं थडगंसुद्धा नाही कुठे. एवढं एकच होतं."

तिघं लगेच निघाली. गल्लीकडे जाणाऱ्या एकुलत्या पुलाच्या फळ्या दुरुस्तीसाठी काढल्या होत्या. शेजारच्या अरुंद साकवावरून एकेकाने जावं लागलं. कालवाही उपसून कोरडा केलेला.

सिनेगॉगमध्ये एक बाई दगडी फरशी धूत होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी लाद्या मधोमध झिजल्या होत्या. खळग्यांत पाणी साचलेलं. बेरेंडचा बूट बुडाला. हिल्के स्वयंपाकघराच्या दाराशी कोरडी जागा बघून उभी राहिली.

"फरशी अस्सल आहे, बाई," ड्रोस्ट कौतुकाने म्हणाला. "एकही लादी बदलली नाही. शिळेचं म्हणाल, तर समोरच्या ओटोलांडरला विचारा. जुन्या वस्तू विकतो. मागतच होता ती."

"तुम्हाला नकोशी होती?"

"खरं सांगू? जेवताना समोर मेलेल्यांची नावं कुणाला हवीत? पण म्हणून मी चोरीन?"

समोरच्या दुकानात ओटोलांडर उखडलाच. "मागितली होती, हो! याच्या तावडीतून सुटावी म्हणून. पण नेऊ कशी? चौघांनाही उचलवत नाही ती. पूल आधी बंद झाला, शिळा नंतर गेली. माझी कपाटंच इथे अडकून पडलीत!"

गवंडी हेसेल वुब्बे सिनेगॉगच्या मागच्या अंगणात अवजारं घासत होता. तिथल्या एका खोलगट दगडावर ऐसपैस बसून बेरेंड बुटातलं पाणी काढू लागला.

"गिलाव्यासाठी शिळा मीच माणसं लावून उतरवली," वुब्बे म्हणाला. "भिंतीला टेकवून ठेवली. मग साहेबांनी सुट्टी दिली. परत येतो तर शिळा नाही, आणि माझ्या थापीवर सिमेंटचा माल वाळलेला! मी थापी धुतल्याशिवाय घरी जात नाही."

"फरशीचं काम?"

"फरशीला हातच लावला नाही."

हिल्केने बेरेंडकडे बघितलं. "ऊठ. पुराव्यावर बसलायस तू."

तिने सगळ्यांना आत बोलावलं.

"शिळा बाहेर न्यायला वाटच नव्हती. म्हणजे ती इथेच आहे. ड्रोस्ट, एकही लादी बदलली नाही म्हणता, मग अंगणात ती झिजलेली लादी कुठून आली? सगळीकडे पाणी साचलं, आणि या दाराशी माझे पाय कोरडे राहिले. कारण इथला दगड सपाट आहे. त्याच्यावर कधी कुणी चाललेलंच नाही! वुब्बेला सुट्टी देऊन तुम्ही त्याची थापी वापरलीत. पहार असली आणि खाली पाइप घातले, तर भिंतीपासून इथवर शिळा सरकवायला एक माणूस पुरतो."

ड्रोस्टचा चेहरा उतरला. "अहो, फोडली तर नाही ना! जपूनच ठेवलीय!"

"जपून?" हिल्केचा आवाज चढला. "पालथी घातलीत! वेटर दिवसभर तुडवतील अशा जागी. आणि वर आळ दुसऱ्यावर!"

कुणी सांगायची वाट न बघता वुब्बेने पहार आणली. सगळ्यांनी मिळून शिळा उलटली. अक्षरांत माल भरला होता. सेलिन गुडघ्यांवर बसली आणि केसांतली पिन काढून मौरिट्सचं नाव कोरून मोकळं करू लागली.

"उद्या पाहुणे येणारेत हो!" ड्रोस्ट पुटपुटला.

"येऊ देत," मान वर न करता ती म्हणाली. "वुब्बे, भिंतीवर नंतर चढवा. आत्ता हिला पुढच्या दारात ठेवा. नावं वर करून."

दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन महापौर सर्वांत पुढे आले. दारभर शिळा पसरलेली, शेजारी खुर्चीवर सेलिन. आत जायचं तर नावांवर पाय पडणार होता.

महापौरांनी हॅट काढली. वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग फुलं शिळेवर ठेवून ते मागच्या गर्दीकडे वळले.

"चला घरी," ते म्हणाले. "इथे कुणी जेवणार नाही."