डावा दिवा

काशीराम बैलगाडीची चाके घडवी. त्याचा मुलगा भिकाजी टॅक्सी चालवी. भिकाजीचा सुजय हातखंब्याला गॅरेज घालून बसला. आणि त्या सुजयचा मुलगा गौरव आमच्या ईशाला भर सरीत भेटला, हे मला मुळीच रुचले नाही.

आमच्या ह्यांची जुनी मॉरिस मोटार नातीने हौसेने बाहेर काढली आणि ती हातखंब्याला बंद पडली. गौरवने बॉनेट उघडले. ईशाने त्याच्या डोक्यावर छत्री धरली.

"माझ्यावर नको, इंजिनावर धरा."

"ते काय तुमच्याहून नाजूक आहे?"

"वयानं मोठं आहे ना... मान नको द्यायला?"

ती हसली. गाडी सजवून नवी करायचे ठरले तेही तिथेच!

अशा गाड्यांचे अस्सल भाग काढून विकतात आणि जागी हुबेहूब नकली बसवितात, हे मी ऐकून होते. म्हणून गाडी सोपविण्यापूर्वी मी भांड्यांवर नावे घालणाऱ्या बाबूला बोलाविले आणि प्रत्येक भागाच्या आतल्या अंगाला 'पावसकर' असे कोरून घेतले.

ईशा रोज काम पाहायला जाई. ओढणीला ग्रीस, ओठांवर गाणे. मी विचारीत नसे, पाहत असे.

"आजी, गंजलेला भागसुद्धा तो टाकत नाही गं. घासून पुन्हा बसवतो."

"आणि तुला काय म्हणतो?"

"काहीच नाही... आमचा विषय काढला की नजर चुकवतो."

नजर चुकविणारा माणूस काहीतरी लपवीत असतो.

गाडी लखलखत दारात आली. मी दोन्ही दिव्यांच्या काचेभोवतीच्या कड्या उतरवायला लावल्या. उजव्या कडीत आमचे नाव होते. डावी कडी कोरी!

"माझा दिवा कुठे विकलास?"

ईशाचा चेहरा उतरला. "गौरव... बोल ना!"

त्याने पिशवीतून दुसरी कडी काढली. तीवर 'पावसकर' होते; पण रंग खरवडल्यामुळे खाली टिंबाटिंबांचे एक जुने नाव दिसत होते — 'गंगुबाई'.

"नाव तुम्ही नकलीवर घातलंत, आजी. ही माझ्या आजीची पितळी परात. आजोबांची टॅक्सीही मॉरिसच. तिचा दिवा फुटला, नवा कुठे मिळेना. रात्रीचा धंदा बसायची वेळ. तेव्हा तुमच्या यजमानांनी स्वतःच्या गाडीचा दिवा काढून दिला. आजोबांनी परात ठोकून ही कडी केली, वर रंग दिला, साधी काच बसवून तुमच्या गाडीला लावली. अस्सल दिवा पावसकरांना पोचवायचा, हे त्यांनी मरताना सांगितलं होतं. पुढे विकलेली ती टॅक्सी आता मंडणगडात कुणाच्या तरी गोठ्यात सापडली... आता लावलाय तो तुमचाच."

ह्यांनी मला कधी सांगितले नव्हते. शोभले त्यांना.

"मग माझ्याशी मनातलं का बोलत नव्हतास?" ईशाने विचारले.

"तुमच्या घरचं देणं डोक्यावर ठेवून... तुझा हात कसा मागायचा?"

ह्या वेळी त्याने नजर चुकविली नाही. मी चष्मा पुसला.

"फिटले तुमचे देणे," मी म्हणाले. "आता गंगुबाईंची परात घरी ने. आमच्याकडेही कुणाचे काही राहायला नको."

ईशाने ती कडी त्याच्या हातून काढून घेतली.

"राहू दे. ही मीच आणीन... तुझ्या घरी येताना."