पंधरा वर्षांचा हात

मालोजी इंगवलेला एकशे एकेचाळिसावं वर्ष लागलं, तेव्हा तो कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या सासने तालमीत घाम गाळत होता. दिसायला तिशीतला गडी. आपल्याकडे पैसा किती आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायची गरजही कुणाला उरली नव्हती. यंत्रं कमवायची, माणसं खायची. पूर्वीची माणसं म्हणत, ‘पैसा आणि वेळ असता, तर आम्हीही काहीतरी करून दाखवलं असतं.’ आता दोन्ही गोष्टी पाण्यासारख्या झाल्या होत्या, त्यामुळे ती सबब गेली होती.

वेळ मिळाला होता तो पालवीमुळे. पालवी म्हणजे शरीरातल्या थकलेल्या पेशी काढून त्या जागी त्याच माणसाच्या ताज्या पेशी रुजवण्याचा उपचार. कोरं, म्हणजे कधीच पालवी न लागलेलं शरीर पहिली पालवी कुठल्याही वयात घ्यायचं; आताशा माणसं ती तिशीतच उरकत. पुढे मात्र दर पंधरा वर्षांनी ती घ्यावीच लागायची. वेळ चुकली की शरीर नव्या पेशी झिडकारायचं, आणि मग माणूस जुन्या काळातल्यासारखा म्हातारा होऊन मरायचा. असला खुळेपणा सहसा कोणी करत नसे.

पालवीला एकच खोड होती. ती घेतल्यावर माणसाला आपलं नाव, लग्नाची तारीख, शेजाऱ्याशी झालेलं भांडण, सगळं आठवायचं, पण चालता यायचं नाही. चमचा तोंडाऐवजी कानाकडे जायचा. म्हणून गावोगावी रांगणघरं निघाली होती. शंभरी ओलांडलेली माणसं तिथे तीन महिने गुडघ्यांवर रांगायची, मग भिंत धरून उभी राहायची, मग चालू लागायची. याची कुणाला लाज वाटत नसे. ज्याला त्याला त्यातून जावंच लागायचं.

मालोजीची हौस लढाऊ विद्यांची. लहानपणी शिवजयंतीच्या मिरवणुकीत त्याने दांडपट्टा फिरवणारा माणूस पाहिला होता आणि तेव्हाच तो बिघडला होता. पण पुढे नोकरी आली, संसार आला, सासष्टाव्या वर्षी पालवी आली. मग त्याने हात मोकळा सोडला. पहिल्या पंधरा वर्षांत कुस्ती. दुसऱ्या खेपेला केरळात राहून कळरी. मग मणिपूरची तलवार आणि भाला, मग जपानातली तलवार. प्रत्येक ठिकाणी तो जीव ओतून शिकला आणि प्रत्येक वेळी रांगणघरातून कोरे हात घेऊन बाहेर पडला. कुस्तीवर तो आजही तीन तास बोलला असता, पण शाळकरी पोराने त्याला चीत केलं असतं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. जगभर हेच चाललं होतं. तबल्यापासून सुतारकामापर्यंत कुणाचाही हात पंधरा वर्षांपलीकडे वाढत नव्हता, आणि पलीकडे काय असतं हे कुणी पाहिलेलंच नसल्यामुळे त्याची खंतही कुणाला नव्हती.

मालोजीने ते पाहिलं होतं. या खेपेची पंधरा वर्षं तो ज्यांच्याकडे पट्टा शिकत होता, ते वस्ताद सिदाजी सासने अडुसष्ट वर्षांचे होते, खरोखरीचे अडुसष्ट. त्यांच्या बापाने पालवी घेतली नव्हती, त्यांनीही घेतली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे सुजलेले, पायरी चढताना आई आठवायची. पण एकदा का कोपरापर्यंत हात झाकणारी ती लोखंडी मूठ चढली आणि पुढचं लवलवतं लांब पातं हललं, की म्हातारा दिसेनासाच व्हायचा. पट्ट्याच्या मुठीत मनगट वळत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. वस्तादांच्या कमरेत साठ वर्षं मुरलेली होती.

“मालू, तुजी पंदरा भरत आली न्हवं?” एका संध्याकाळी वस्तादांनी विचारलं. शिष्य आपल्यापेक्षा दुपटीहून मोठा आहे, याची त्यांनी कधी फिकीर केली नव्हती.

“व्हय वस्ताद.”

“मग ऐक. आमच्या घरचा रिवाज तुला ठावं हाय. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, मग वस्तादानं तळहातावर लिंबू ठिवायचं आन् त्याच्या मागं तालीम चालवनाऱ्यानं ते पट्ट्यानं कापायचं. औंदा मी हात पुढं करनार. पर पालवी घ्यायची न्हाई.”

मालोजीने पट्ट्याचं पातं पुसायला घेतलं. वस्ताद पुढे बोलू लागले.

“पंदरा वर्सांत हत्यार नुसतं वळखीचं हुतंय रं. त्याच्या फुडं ते अंगात येतंय. तू म्हातारा हुशील, मरशील. पर मरायच्या आदी कुनाला तरी तीस वर्सांचा हात दावून जाशील. माज्या मागं दुसरं कोन हाय?”

“शब्द देतो वस्ताद,” मालोजी म्हणाला. त्या वेळी तो खरं बोलत होता.

त्याची लेक वैजयंती पालवी केंद्रात डॉक्टर होती. तिला हे कळलं, तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

“आबा, एका खेळापायी मरणार तुम्ही?”

“मग तू हात तेवढा वाचव की माझा. बाकी सगळं आठवतं, हातांनाच काय धाड भरते?”

“आठवणी मोठ्या मेंदूत असतात,” ती समजावू लागली. “तिथे आम्ही गोधडीला ठिगळं लावावीत तशा थोड्या थोड्या पेशी बदलतो. जुन्या पेशी नव्या पेशींना शिकवत जातात, म्हणून तुम्ही तुम्हीच राहता. पण हातापायांची कला असते मागच्या लहान मेंदूत. एवढासा गोळा, पण डोक्यातल्या बहुतेक चेतापेशी तिथेच दाटीवाटीने असतात. तिथे ठिगळ लावायला जागाच नाही. सगळं एकदम बदलावं लागतं.”

“उतरवून घ्या ना कशावर तरी.”

“गाणं लिहून घेतलं म्हणून गळा येतो का, आबा?”

मालोजीने तरीही मान हलवली नाही. पण वैशाखात एका सकाळी उठताना त्याचा उजवा गुडघा दुखला, आणि दाढी करताना आरशात एक पांढरा केस दिसला. पंचाहत्तर वर्षांत त्याने स्वतःच्या डोक्यावर पांढरा केस पाहिला नव्हता. त्या दिवशी तालमीत वस्ताद खोकत होते. खोकला थांबेना, तोंडातून लाळ गळली, ती त्यांनी धोतराने पुसली. मालोजी बघत राहिला. त्याला वस्तादांची कीव आली नाही, किळस आली, आणि त्या किळसेच्या मागे नुसती भीती होती.

भ्यालेला माणूस हुशार होतो. मालोजीने हिशेब मांडला: पालवी गुपचूप घ्यायची. रूप तर तेच राहतं. हात काय, आपण आयुष्यभर शिकतोच आहोत, वस्ताद आहेत तोवर पुन्हा शिकू. वस्तादांना त्याने सांगितलं की मणिपूरच्या जुन्या गुरूंना भेटून येतो. म्हाताऱ्याने वाटेत खायला म्हणून धपाटी बांधून दिली. मालोजी ती घेऊन गावातल्याच पालवी केंद्रात गेला.

रांगणघरातून सोडताना वैजयंतीने त्याला बजावलं, “आबा, भासहात लक्षात ठेवा.” भासहात हा डॉक्टरांचा शब्द. हाताला काही येत नसतं, पण डोक्याला सगळं आठवत असतं, त्यामुळे माणसाला आतून पक्कं वाटतं की मला येतंय. रांगणघरातून सुटलेले लोक थेट सायकलवर बसून नाक फोडून घेत ते यामुळेच. “वर्षभर घरात विळीसुद्धा धरायची नाही.”

“मला शिकवतेस?” मालोजी म्हणाला.

तो तालमीत परतला तो खंडेनवमीच्या सकाळीच. आधी आला असता तर वस्तादांनी त्याला चार हात करायला लावले असते. झेंडूच्या माळा, ओळीने मांडलेली हत्यारं, पेठेतली झाडून सगळी माणसं. आज रात्री वस्तादांना एकट्याला गाठून सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. तोवर प्रवासाचा शीण सांगून लिंबू पुढच्या वर्षावर ढकलू. पण वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “ह्यो माज्या मागचा. ह्यानं मरन पत्करलंय. तुमच्यात हाय कुनाची छाती?”

माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिथेच मालोजीने तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य होतं. पण शेकडो वर्षं जगू पाहणाऱ्या माणसाला चारचौघांत घटकाभर खाली मान घालवत नाही, असं हे जग होतं. शिवाय त्याने मूठ चढवली तेव्हा ती ओळखीची वाटली. लिंबाच्या कितीतरी फोडी त्याला आठवल्या. ओंडक्यावर ठेवलेलं लिंबू, गिरकी, पातं, आणि दोन सारखी अर्धुकं. पाय कुठे पडायचा, श्वास कधी सोडायचा, सगळं डोक्यात लख्ख होतं. येतंय मला, असं त्याला वाटलं.

वस्तादांनी उजवा हात पुढे केला. अंधूक डोळ्यांनी ते मालोजीकडे पाहून हसले.

मालोजीने गिरकी घेतली. कंबर मागे राहिली, खांदा पुढे गेला, आणि पातं आपल्या मनाने गेलं. लिंबू खाली पडलं ते आख्खं. त्याच्याबरोबर मनगटापासून वस्तादांचा हात पडला.

कुणीतरी किंचाळलं. वस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मालोजीच्या पायांकडे पाहत होते, जिथे चुकीचा पाय पुढे होता.

“कवा घेतलीस?” त्यांनी विचारलं, आणि ते कोसळले.

पालवी केंद्रात वैजयंती बाहेर आली, तिचा चेहरा उतरला होता. “रक्त फार गेलंय. आमची शिवणारी यंत्रं ताज्या शरीरांसाठी बनवलेली आहेत. इतक्या जुन्या रक्तवाहिन्या त्यांना पेलत नाहीत, टाका घातला की फाटतात. हाताने शिवणारा एखादा मुरलेला सर्जन असता, तर वाचवता आलं असतं.”

“मग बोलव ना!”

“कुठून बोलवू, आबा? पंधरा वर्षांपेक्षा मोठा हात आहे का कुणाचा?”

“दुसरं काहीच नाही?” मालोजीने विचारलं.

“एकच उपाय आहे,” ती म्हणाली. “पालवी. कोरं शरीर आहे, घेईल ते. हातही नवा फुटेल. पण त्यांना मागेपुढे कोणी नाही, ते शुद्धीवर नाहीत. तुम्हीच सांगायचं. त्यांना नको होती, हे तुम्हाला माहीत आहे.”

माहीत होतं. ‘मेलो तरी बेहत्तर, पर ती पालवी मला लावू नकोस,’ असं वस्ताद ज्याला त्याला सांगत. आत साठ वर्षांची विद्या पडली होती. डावा हात शाबूत होता, कंबर शाबूत होती. माणूस मेला तर विद्या जाणार होती, वाचला तरी जाणार होती. निदान मेला असता तर त्याचा शब्द राहिला असता. हे सगळं मालोजीला लख्ख दिसत होतं. पण आपल्या हातून वस्ताद मेले, हे घेऊन त्याला जगायचं होतं, आणि त्याला फार वर्षं जगायचं होतं.

“दे,” तो म्हणाला. हे त्याने वस्तादांवरच्या मायेने केलं नाही. स्वतःसाठी केलं.

वस्ताद रांगणघरात होते ते सारे महिने मालोजी तिकडे फिरकला नाही. तालमीला कुलूप होतं. वस्ताद बाहेर पडल्याचं कळल्यावर तो मन घट्ट करून निघाला. ते तोंडावर थुंकतील, त्या नव्या हाताने कानाखाली वाजवतील, अशी त्याची तयारी होती. खरं तर त्याला तेच हवं होतं.

वस्ताद त्याला रंकाळ्यावर भेटले. तिशीतला देखणा, उंचापुरा गडी तळ्याच्या कडेने धावत आला आणि समोर थांबला. मालोजीने वाकून पाय धरले.

“उठ रं,” वस्ताद म्हणाले. ते हसत होते. “दोन चकरा मारल्या. तिसरी चाललीया. गुडघं दुखतच न्हाईत बघ! आन् ते पलीकडचं झाड दिसतंय मला, पानं पानं दिसत्यात.”

“वस्ताद, मी तुमचा हात...”

“ह्यो काय, हाय की.” त्यांनी कोवळ्या कातडीचा पंजा उघडून मिटला. मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. “खरं सांगू मालू? मला वाटायचं, मी लई मोठं कायतरी सोडलंय. काय सोडलंय हेच ठावं नव्हतं रं मला. न दुखनारा गुडघा कसा असतोय, ते म्हाईतच नव्हतं.”

“आणि पट्टा?”

“शिकू की पुन्यांदा. घाई कशाची? वेळ हाय आता.” वस्ताद पुढे निघाले, दोन पावलांवर थांबले आणि जरा ओशाळून वळले. “तुजी पोरगी डाक्टर हाय न्हवं? तिला इचारशील काय, फुडची पालवी पंदरा वर्सांच्या आदी मिळतीय का? मदीच कायतरी झालं मला, तर?”

मालोजीने विचारतो म्हणून मान हलवली.

“उपकार झालं तुजं,” वस्ताद म्हणाले आणि धावत गर्दीत शिरले. सगळेच तिशीतले असल्यामुळे थोड्या वेळाने त्यांतले वस्ताद कोणते हे ओळखू येईना. मालोजी तिथेच उभा राहिला. तो शिव्या खायला आला होता, आणि त्याने काय घालवलं हे समजून त्याला शिवी देऊ शकेल असा माणूस आता जगात उरला नव्हता.