सातव्या खांबाचे नमुने

विश्वास कुणावर ठेवाल हो तुम्ही? माणसाच्या सहीवर, की त्यानं तपासलेल्या दगडावर? कॅनडात, सस्कॅचेवानातल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला मी वीस वर्षं काँक्रीटच्या नमुन्यांचे साचे विकले, आणि इतकी वर्षं सहीवरच ठेवत होतो. मग लॉइड ह्रित्सुकची हकीकत त्याच्याच तोंडून कळली.

लॉइड तिथला काँक्रीट तपासणारा. आवारात इमारत उभी राहायची म्हटली की ओतल्या जाणाऱ्या काँक्रीटमधून तो डब्यासारखे गोल नमुने भरून आणायचा, खडूनं खांबाचा नंबर घालायचा, अठ्ठावीस दिवस दमट खोलीत ठेवायचा आणि मग मशीनखाली फोडायचा. किती दाबाला फुटला, तो आकडा वहीत. त्या आकड्यावर इमारत पास.

कर्लिंग या बर्फावरच्या खेळासाठी बांधत असलेल्या नव्या हॉलचा सातवा खांब ओतला त्या दुपारी पारा उणे चौतीस होता. नमुने पिकअप गाडीच्या उघड्या हौद्यात तसेच ठेवून लॉइड गावच्या कर्लिंग स्पर्धेला गेला. तिकडे जानेवारीत माणूस सख्ख्या भावाचं लग्न चुकवील, बर्फावर दगड सरकवायचं चुकवणार नाही. सकाळी बघतो तर नमुने आतपर्यंत गोठलेले. म्हणजे फुकट गेले. अशा वेळी सांगायचं असतं, मग खांबाला भोक पाडून आतला गाभा तपासतात. लॉइडनं विचार केला, खांब ताडपत्रीत आहे, हीटर लावलाय, त्याला काय होतंय? त्यानं गोठलेले नमुने कचऱ्यात टाकले, दुसऱ्या खांबाचे सातव्याच्या नावावर फोडले आणि सही केली.

पुढच्या हिवाळ्यात एका सोमवारी, आठ वाजले तरी बाहेर अंधारच होता, त्यानं दमट खोलीचं दार उघडलं. आत ऊब आणि ओल्या सिमेंटचा वास. फळीवर एकच नमुना होता. ज्या खोलीत अंगातला सदरा भिजतो, तिथं त्याच्यावर बोटभर बर्फ. वर खडूनं सात. अक्षर त्याचंच.

घाबरायला हवं होतं. पण त्याला काहीच वाटलं नाही, जणू आतही बधिरता आली होती. त्यानं नमुना मशीनखाली ठेवला. एरवी नमुना फुटतो तो बंदुकीच्या बारासारखा. हा आवाज न करता खाली बसला. आकडा वीस.

मंगळवारी फळीवर पुन्हा एक. अठरा. बुधवारी सोळा.

मग त्यानं हॉलचे नकाशे काढले. प्रेक्षकांची गॅलरी गच्च भरली तर सातव्या खांबाला निदान बारा लागत होते. शनिवारी तिथं अंतिम सामना. रोज दोन उतरले तर शनिवारी दहा.

आवारातल्या इमारती पास करणारी मार्लीन थीसन बावीस वर्षं त्याच्यासोबत कॉफी पीत आली होती. लॉइडनं तिला खोट्या सहीसकट सगळं सांगितलं.

"घेतलीस का रे सकाळी सकाळी?"

"नाही."

"पेन्शनला आठ महिने राहिलेत तुझ्या. अक्कल गहाण टाकलीस? गप्प बसला असतास तर कुणाला कळणार होतं?"

"उद्या चौदा येईल, मार्लीन..."

मग तिनं गॅलरीला कुलूप लावलं.

गुरुवारी खांबाला भोक पाडलं. गाभा बाहेर आला तो इतका गार, की मार्लीनच्या हातमोज्याला चिकटला. हॉलमध्ये हीटर चालू होता. मशीनखाली तोही मुकाट बसला.

"चौदा," ती म्हणाली.

खांबाभोवती लोखंडी टेकू लागले. सामना दुसऱ्या गावी झाला. लॉइडची नोकरी गेली, पेन्शन कापली गेली. तो घरी बसून खिडकीतून बर्फ बघायचा. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. नवा माणूस मिळेपर्यंत तपासणीचं काम मार्लीनच्या गळ्यात पडलं.

मार्चमध्ये एका सकाळी तिचा फोन आला.

"लॉइड, तू इथं आला होतास?"

"चावी तुझ्याकडेच दिलीय ना."

"फळीवर तीन आहेत. बर्फासकट."

"पुन्हा सातव्याचेच?"

"नाही... नव्या वाचनालयाचा खांब लिहिलाय." तिचा आवाज खाली गेला. "त्याचा पाया अजून खणलेला नाही. बर्फ वितळल्यावर खणणार."

"अक्षर कुणाचं आहे?"

पलीकडे दमट खोलीतल्या पाण्याची टपटप ऐकू येत होती.

"माझं," ती म्हणाली. फोन ठेवला गेला.

ते वाचनालय आता उभं आहे. पास झालेलं आहे, वहीत आकडे उत्तम आहेत, खाली सही मार्लीनची. मार्लीनला मी विचारलेलं नाही आणि त्या इमारतीत कधी पाय ठेवलेला नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुठल्याही धंद्यात असा, वहीत जे दिसलं तेच लिहा.