नळ बंद होता

"टकटकबाई बोलताय ना? माझी भिंत माझ्यावर खोटा आळ घेतेय. चारच्या आत या. चारनंतर आलात तर मला घराबाहेर काढायचे कागद सही होऊन गेलेले असतील."

फोनवरचा आवाज म्हातारा होता, पण रडका मुळीच नव्हता. टकटकबाईनं हातातलं काम तसंच टाकलं आणि हत्यारांची पिशवी उचलली.

पंचवीस वर्षं ती नळजोडणीची कामं करत होती. न्हाणीघराच्या टाइल ठोकून आतली ओल ओळखायची, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव गिऱ्हाइकं कधीच विसरली होती आणि तिलाही त्याचं सोयरसुतक नव्हतं.

दार उघडलं ते सत्तरीच्या, काडीसारख्या बारीक बाईंनी. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून सगळी नोकरी झालेली. त्या थेट झोपायच्या खोलीत घेऊन गेल्या. न्हाणीघराला लागून असलेली भिंत फुगली होती. रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि खाली पांढरी भुकटी सांडली होती.

"मुलगा म्हणतो, मी नळ उघडा टाकते," काकू म्हणाल्या. "न्हाणीघर भरतं आणि पाणी भिंतीत मुरतं. मला विसरायला होतं म्हणे. म्हणून एकटं राहायचं नाही. वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय त्यानं. चार वाजता कागद घेऊन येतोय."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"तीस वर्षं प्रयोगशाळेतले चोवीस गॅसचे नळ बंद करून मी कुलूप लावलंय. एक राहिला असता तर शाळा उडाली असती. शाळा अजून उभी आहे!"

टकटकबाईला हसू आलं. ही बाई तिला आवडली.

"फरशीवर पाणी कुणी पाहिलं?"

"दोनदा त्यानंच पाहिलं. एकदा मीही पाहिलं. पण नळाखाली नाही, भिंतीच्या कडेला. आणि बादली पालथी होती. मी रोज पालथी घालते."

"वरच्या मजल्यावर कोण?"

"शिंपीणबाई. तिनंच पहिल्यांदा म्हटलं, नळ राहिला असेल."

टकटकबाईनं मान वर केली. छत कोरडं ठणठणीत होतं. वरून पाणी आलं असतं तर आधी छतानं बोंब मारली असती. शिंपीणबाई सुटल्या, असं मनाशी म्हणत तिनं ओल मोजायचं यंत्र काढलं. फुगलेल्या भिंतीवर ते टेकवत ती पेन्सिलीनं आकडे लिहीत गेली. जमिनीपाशी चाळीस. गुडघ्याच्या उंचीवर साठ. कमरेच्या उंचीवर नव्वदच्या वर. छातीपाशी वीस.

नव्वदच्या आकड्याभोवती तिनं गोल काढला.

मग न्हाणीघर. वर गिझर, त्याच्या सरळ खाली गरम-थंड पाण्याचा नळ. नळाच्या वर हातभर अंतरावर, कमरेच्या उंचीला, धरायची स्टीलची आडवी दांडी. दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू. तीन चकचकीत. नळाच्या सरळ रेषेत येणाऱ्या चौथ्यावर मात्र फटी बुजवायची पांढरी लांबी थापलेली होती आणि लांबीच्या खालून तपकिरी ओघळ आला होता.

"ही दांडी कधीची?"

"पाच महिने झाले. मुलानं बसवून घेतली कारागिराकडून. मी डोळे तपासायला गेले होते तेव्हा. पोराचं प्रेम बघा, आल्यावर बघते तर मोठे तिन्ही टॉवेल धुऊन वाळत घातलेले! जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही त्यानं. म्हणाला, भोकं पाडताना धूळ फार उडाली."

टकटकबाईनं हातोडीच्या लाकडी दांड्यानं टाइल ठोकायला सुरुवात केली. टक, टक, टक. दांडीच्या उजव्या टोकापाशी आवाज बदलला. तिथल्या चार टाइल पोकळ वाजल्या.

ठोकता ठोकता तिला नळाशेजारच्या टाइलवर पेन्सिलीच्या बारीक रेघा दिसल्या. शेकडो होत्या.

"हे काय?"

काकूंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "नळ बंद केला की एक रेघ. आधी त्याला दाखवायला मारत होते. आता माझं मलाच कळावं म्हणून मारते. बाई, भिंतीचं राहू द्या. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, तेवढं सांगा."

टकटकबाईला राग आला, चांगला सणसणीत.

"चार वाजता सांगते. त्याच्या तोंडावर सांगते," ती म्हणाली. "आता एकच प्रश्न. ही भिंत मधे कधी वाळली होती?"

"वाळली होती ना! गेल्या महिन्यात दहा दिवस बहिणीकडे गेले होते. तोच तर त्याचा पुरावा. म्हणतो, तू नसलीस की भिंत कोरडी."

"जाताना काय काय बंद केलंत?"

"गॅस बंद केला. दिवे बंद केले. गिझरचं बटण बंद केलं आणि त्याच्या पाण्याचा कॉकही."

"घराचा मुख्य नळ?"

"तो चालू ठेवला. मुलगा झाडांना पाणी घालायला येणार होता ना."

"काकू," टकटकबाई म्हणाली, "गिझरचं बटण आत्ता बंद करा. पाणी जरा निवू द्या."

मुलगा चारच्या ठोक्याला आला. पन्नाशीचा, नीटनेटका, काखेत कागदांचं पाकीट. पिशवीवाली बाई बघून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आई, हे काय नवीन? वयानं होतं असं, त्यात लाज कसली?"

"मला लाज वाटत नाहीये," काकू म्हणाल्या. "तू बस."

"बसू नका, इकडे या," टकटकबाईनं त्याला न्हाणीघरात बोलावलं. "ही दांडी कुणी बसवली?"

"होता एक कारागीर. नाव आठवत नाही."

"म्हणजे विसरायला तुम्हालाही होतं."

काकू फिस्सकन हसल्या. मुलगा नाही हसला.

"आता ऐका," टकटकबाई म्हणाली. "फरशीवरचं पाणी भिंतीत मुरलं तर ते खालून वर चढतं आणि चढता चढता दमतं. म्हणजे खाली जास्त ओल, वर कमी. इथं उलटं आहे. सगळ्यात जास्त ओल कमरेशी आहे आणि तिथून ती खाली उतरलीय. न्हाणीघर भरून कमरेपर्यंत पाणी आलं असतं तर काकूंना पोहावं लागलं असतं. म्हणजे पाणी भिंतीच्या आतच सुटतंय, तेही कमरेपाशी."

"मग आई नसताना भिंत का वाळली?"

"त्यासाठी तुमचे आभार. ते दहा दिवस तुम्ही थंड पाणी वापरत होतात. मुख्य नळ चालू, तरी भिंत कोरडी. म्हणजे थंड पाण्याचा पाईप निर्दोष. बंद होता तो फक्त गिझरचा कॉक. म्हणजे गळतोय तो गरम पाण्याचा पाईप. आणि तो गिझरपासून नळापर्यंत सरळ खाली येतो." तिनं बोटानं रेघ ओढली. बोट चौथ्या स्क्रूवर येऊन थांबलं.

मुलानं कागदांचं पाकीट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"नळाच्या सरळ वर भोक पाडायचं नाही, हे आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात," ती पुढं म्हणाली. "कारागीर इथं हात लावणार नाही. इथं हौशी माणसानं ड्रिल चालवलंय. पाईप फुटला, धार लागली. घाबरून त्यानं त्याच भोकात स्क्रू पिळला, तो बुचासारखा बसला आणि धार थांबली. वर लांबी थापली. खाली साचलेलं पाणी घरातल्या तीन मोठ्या टॉवेलांनी टिपलं. मग ते टॉवेल धुऊन वाळत घातले. धुळीसाठी तीन टॉवेल लागत नाहीत, साहेब. पुढं स्क्रू गंजला आणि पाणी हळूहळू सुटायला लागलं. काही भिंतीत मुरलं, काही टाइलच्या फटीतून कडेला आलं."

"हा सगळा अंदाज आहे तुमचा!"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

तिनं लांबी खरवडली, स्क्रूड्रायव्हर लावला आणि स्क्रू काढला.

धार सुटली ती थेट चिरंजिवांच्या छातीवर. कोमट पाण्यानं शर्ट भिजला, पाकीट भिजलं, आतले कागद भिजले. तो ओरडत मागं सरकला.

"काकू! कॉक!"

काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर चढल्यासुद्धा होत्या. एका हातानं आधार, दुसऱ्या हातानं गिझरचा कॉक. दोन पीळ. धार बारीक झाली, मग थांबली.

"बंद केला," काकू म्हणाल्या. "आठवणीनं केला."

मुलाच्या बाहीतून पाणी टपकत होतं.

"तुला ठाऊक होतं?" काकूंनी विचारलं.

"त्या दिवशी सांगणारच होतो. तुला वाटलं असतं, मला एक दांडी धड बसवता येत नाही. मग भिंत फुगली. शिंपीणबाई म्हणाल्या, नळ राहिला असेल. मी हो म्हटलं." तो खाली बघत होता. "तू एकटी असतेस, आई. मला झोप लागत नाही. वाटलं, या निमित्तानं तरी तू ऐकशील."

"झोप तुला लागत नाही म्हणून घर मी सोडायचं? इतके महिने मी माझ्याच डोक्यावर पहारा देत बसले! त्या रेघा बघ. बघ नीट!"

त्यानं रेघा बघितल्या. बराच वेळ बघितल्या, आणि त्याचे डोळे भरून आले. टकटकबाईला त्याची कीव आली, पण तिनं ती बोलून दाखवली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यात परक्यानं कशाला पडायचं?

ती कामाचं बोलली. चार टाइल काढायच्या, फुटका तुकडा कापून नवा जोडायचा, भिंत आतपर्यंत वाळायला तीन आठवडे उघडी ठेवायची. त्याआधी रंग लावला तर पुन्हा फुगणार.

"आणि दांडी पुन्हा बसवायची," काकू म्हणाल्या. "मला लागते ती. पण या बाई बसवतील."

मग त्यांनी आतून कोरडा टॉवेल आणला आणि मुलाच्या हातात दिला. अंग पुसायला लागला तसा त्यांनी त्याला थांबवलं.

"अंगाचं नंतर. आधी फोन लाव. ज्याला ज्याला सांगितलंस, आईला विसरायला होतं म्हणून, त्या सगळ्यांना. पहिला मावशीला."

"आई, आत्ता?"

"आत्ता. इथंच उभा राहून."

त्यानं फोन लावला. पलीकडून मावशीचा आवाज आला. तो दोनदा खाकरला.

"मावशी, ते आईचं... भिंतीचं. नळ आईनं बंद केला होता."

"मोठ्यानं," काकू म्हणाल्या.

"नळ बंद होता, मावशी! रोज बंद होता. चूक माझी होती."

काकूंनी त्याच्या हातातला टॉवेल घेतला, एक कोपरा ओला केला आणि टाइलवरच्या रेघा पुसायला लागल्या.

"आता शिंपीणबाई," त्या वळूनही न बघता म्हणाल्या. "तिला फोनवर नको. वर जाऊन सांग, असाच ओला."